गाडी हवा खातेय

दिवे घाटातलं ते वळण मला जसंच्या तसं आठवतं. २०२३चा मे महिना, दुपारचे चार. सासवडची मुंज आटोपून मी आणि आई पुण्याला परत येत होतो. खाली मस्तानी तलाव दिसत होता. वळणाआधी मी क्लच दाबला, ब्रेकवर पाय ठेवला आणि त्याच क्षणी इंजिन बंद पडलं. ब्रेकचं पेडल दगडासारखं झालं. एरवी पायाच्या नुसत्या भाराने खाली जाणारं पेडल जागचं हलेना. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती. मी क्लच सोडून दिला, दोन्ही पायांनी ब्रेक दाबला आणि हँडब्रेक ओढला. हिसका देऊन गाडी थांबली. कठडा अजून लांब होता. आई काही बोलली नाही. तिने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

गाडी बाबांची, १९९७ची मारुती झेन. ९९३ सीसीचं, चार सिलिंडरचं इंजिन, कार्ब्युरेटरवर चालणारं. पुढे थोड्याच वर्षांत नव्या गाड्यांमधून कार्ब्युरेटर गेला आणि इंजेक्शन आलं. बाबा गेल्यावर गाडी माझ्याकडे आली. सहकारनगरहून शिवाजीनगरच्या कॉलेजपर्यंत मी रोज तिच्यातूनच जाते. तिथे मी बारावीला भौतिकशास्त्र शिकवते.

गाडीचं दुखणं तसं जुनं होतं. सकाळी चोक ओढला की सुरू व्हायची. गरम झाली की सिग्नलला थरथरायची, आरपीएम वरखाली व्हायचे आणि मध्येच बंद पडायची. एसी लावून सिग्नलला उभं राहणं तर शक्यच नव्हतं. हमरस्त्याला लागलं की मात्र तक्रार नाही, साठ-सत्तरच्या वेगाने सुरेख पळायची. या एकाच गोष्टीने सगळ्यांना चकवलं. दोन वर्षांत तीन गॅरेजं झाली. प्लग बदलले, प्लगच्या वायरी बदलल्या, कॉइल बदलली, कार्ब्युरेटरचं किट टाकलं, पेट्रोल पंप बदलला. प्रत्येक ठिकाणी शेवटी तेच व्हायचं: स्क्रू फिरवून स्लो, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन फिरण्याचा वेग (आयडल), वाढवून द्यायचे. गाडी महिना-दीड महिना बरी चालायची आणि पुन्हा पहिल्यासारखी.

दिवे घाटानंतर मी गाडी बाहेर काढली नाही. आधी आजार समजला पाहिजे, मग औषध, असं ठरवलं.

कॉलेजमधल्या एका सहकाऱ्याने घोरपडे पेठेतल्या एका मिस्त्रींचं नाव सुचवलं. पत्र्याची शेड, दोन गाड्या मावतील एवढीच जागा. वय सत्तरीच्या आसपास. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही बोलले नाहीत. मग गाडी सुरू करायला सांगितली, एअर फिल्टरचा डबा काढला आणि कार्ब्युरेटरच्या तोंडावर तळहात धरला. पूर्ण झाकलं नाही, अर्धंअधिक. इंजिनाची थरथर थांबली. आवाज भरल्यासारखा, गोल झाला. हात काढला, पुन्हा थरथर. पुन्हा धरला, पुन्हा शांत.

"ताई, गाडी हवा खातेय," ते म्हणाले. "वरून खायला पाहिजे तेवढी वरून खाते, आणि आणखी कुठून तरी चोरून खाते. मी वरची थोडी अडवली की हिशोब जुळतो, म्हणून शांत होते."

मग त्यांनी इंजिन बंद केलं आणि मला ब्रेक चार-पाच वेळा दाबायला लावला. पेडल घट्ट झालं. "आता पाय तसाच दाबून ठेवा आणि सेल्फ मारा." इंजिन सुरू झालं. पेडल पायाखाली जरासं खाली सरकायला हवं होतं. ते सरकलं, पण फार उशिरा आणि फार थोडं. "बूस्टरचीही तीच रड," ते म्हणाले. दोन वेगळे वाटणारे आजार एका वाक्यात एक झाले.

मी बारावीच्या मुलांना दर वर्षी हवेचा दाब शिकवते. १६४३ साली टॉरिसेलीच्या नळीत पारा कसा तोलून राहिला, पाच वर्षांनी पास्कालच्या मेहुण्याने तीच नळी फ्रान्समधल्या एका डोंगरावर नेली तेव्हा पारा कसा उतरला, हे फळ्यावर काढून दाखवते. पण रोज ज्या गाडीतून जाते तिच्या बॉनेटखाली तोच प्रयोग चालू असतो, हे मिस्त्रींच्या तळहाताने मला दाखवलं.

पेट्रोल इंजिन म्हणजे एका अर्थी हवा ओढणारा पंप. पिस्टन खाली जातो तेव्हा हवा ओढतो. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की कार्ब्युरेटरमधली थ्रॉटलची चकती जवळजवळ बंद होते. पिस्टन ओढतोय आणि दार बंद आहे, म्हणून चकतीच्या पलीकडे, मॅनिफोल्डमध्ये, दाब उतरतो. हाच गॅरेजवाल्यांचा व्हॅक्यूम. या ओढीवर गाडीतली बरीच कामं चालतात. ब्रेकचा बूस्टर तिच्यावर पायाचं बळ वाढवतो, डेल्कोतली, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधली, पडद्याची डबी ठिणगीचं टायमिंग पुढे घेते, एसी लावल्यावर आयडल वर उचलणारी डबीही तिच्यावरच. प्रत्येकाकडे एक रबरी नळी जाते. गाडी पंचवीस वर्षांची झाली की त्या नळ्यांनी इंजिनाच्या उष्णतेत पंचवीस उन्हाळे काढलेले असतात. रबर कडक होतं, टोकाशी चिरतं, आणि चिरेतून बाहेरची हवा आत शिरते. ही हवा कार्ब्युरेटरमधून आलेली नसते, म्हणून तिच्याबरोबर पेट्रोल येत नाही. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. त्याहून हवा फार वाढली की मिश्रण पातळ होतं आणि सिलिंडर मिस मारायला लागतात. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. त्यात ऑक्सिजन आधीच असल्यामुळे जुन्या कार्ब्युरेटरचं मिश्रण तसंही थोडं पातळच होतं. त्यात ही चोरटी हवा.

त्या रात्री मी कागद-पेन घेऊन बसले. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच. इथला हवेचा दाब म्हणजे पाऱ्याचे जवळपास २८ इंच, समुद्रकाठी तो ३० इंचांच्या जवळ असतो. धडधाकट इंजिन आयडलला १८ इंच व्हॅक्यूम दाखवत असेल, तर आत उरतात १० इंच, बाहेरच्या दाबाच्या साधारण एक तृतीयांश. दाबात एवढा फरक असला की भोकातून आत शिरणारी हवा ध्वनीच्या वेगाला पोचते. त्याहून वेगाने ती भोकातून जाऊ शकत नाही. फुस्स असा जो आवाज येतो तो याच हवेचा. मग दोन मिलिमीटर व्यासाच्या भोकाचा हिशोब केला. एक लिटरच्या इंजिनाला आयडलला जेवढी हवा लागते, तिचा साधारण पाव हिस्सा अशा एका भोकातून आत येऊ शकतो. हमरस्त्यावर इंजिन कितीतरी जास्त हवा घेतं आणि थ्रॉटल उघडा असल्यामुळे ओढही कमी असते, तेव्हा भोकाचा वाटा नगण्य होतो. साठच्या वेगाला सुरेख आणि सिग्नलला आजारी, हे कोडं तिथे सुटलं.

आणखी एक कागद मी कपाटातून काढला: आदल्या महिन्याची पीयूसीची चिठ्ठी. या वयाच्या गाडीला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ३ टक्क्यांपर्यंत आणि एचसी (हायड्रोकार्बन) १५०० पीपीएमपर्यंत चालतो. माझ्या चिठ्ठीवर सीओ ०.४ होता. पीयूसीवाला म्हणाला होता, "मॅडम, एवढ्या जुन्या गाडीचा इतका कमी सीओ आम्ही बघितला नाही." मी तेव्हा खूश झाले होते. आता खालचा आकडा नीट वाचला: एचसी १३१०. सीओ कमी, कारण हवा जास्त. एचसी जास्त, कारण मिस मारणाऱ्या सिलिंडरमधून न जळलेलं पेट्रोल तसंच बाहेर पडतंय. चिठ्ठीवर पास लिहिलेलं होतं, आणि त्याच चिठ्ठीवर आजारही लिहिलेला होता.

त्याच कपाटात बाबांची गाडीची वही होती. प्रत्येक वेळी भरलेलं पेट्रोल, किलोमीटर, काढलेला ॲव्हरेज, केलेली दुरुस्ती, सगळं त्यांच्या बारीक उभ्या अक्षरात. मी मागे मागे जात वाचत गेले. २००९, ऑगस्ट: "सिग्नलला बंद पडते. स्लो वाढवून घेतला." २०१२: "स्लो वाढवला." २०१६: "स्लो पुन्हा वाढवला. एसी बंद ठेवणे." शेजारच्या रकान्यात ॲव्हरेज पंधरावरून चौदा, तेरा, साडेअकरा. दुखणं दोन वर्षांचं नव्हतंच, चौदा वर्षांचं होतं. आम्ही सगळे मिळून ते एका स्क्रूखाली झाकत आलो होतो.

बाबा पाटबंधारे खात्यात होते. खडकवासल्यातून निघून पुणे शहरातून थेट इंदापूरपर्यंत जाणारा मुठा उजवा कालवा हे त्यांच्या आयुष्यातलं मोठं काम. लहानपणी मी त्यांच्याबरोबर कालव्याच्या कडेने चालले आहे. शेपटाला पाणी पोचत नाही अशी तक्रार आली की वरून जास्त पाणी सोडा असा आग्रह व्हायचा. बाबा म्हणायचे, जास्त सोडलं तर शेपटाला थोडं पोचेल, पण गळतीतून त्याहून जास्त जाईल. आधी मुखापासून चालायला लागायचं. ठरावीक अंतरावर पाणी मोजायचं. ज्या दोन ठिकाणांमध्ये आकडा पडतो, गळती त्या टप्प्यात. मग फक्त तेवढ्या टप्प्यातला काठ बघायचा. रात्री दोन वाजता वही मिटताना वाटलं, गाडीला लागणारी पद्धत बाबांनी मला दहाव्या वर्षीच दाखवली होती. कालव्याच्या बाबतीत ते चुकले नसते. गाडीच्या बाबतीत त्यांना कोणी सांगितलंच नाही की हीसुद्धा गळतीच आहे.

रविवारी मी मिस्त्रींच्या शेडमध्ये पोचले तेव्हा त्यांनी व्हॅक्यूम गेज काढून ठेवलं होतं. पितळी कडेचं, काच पिवळी पडलेलं. मॅनिफोल्डच्या एका तोंडावर त्याची नळी बसवली आणि इंजिन गरम झाल्यावर आम्ही दोघं काट्याकडे बघत राहिलो. काटा १३वर होता आणि सारखा थरथरत होता. "पुस्तकात अठरा ते एकवीस लिहितात," ते म्हणाले, "पण पुण्यात सतरा-अठरा आला की समजायचं, गाडी ठीक." दोन इंचांचा हा फरक का, ते मी आदल्या रात्री कागदावर काढलं होतं. त्यांना तो चाळीस वर्षं काट्याकडे बघून माहीत होता.

मी त्यांना कालव्याची गोष्ट सांगितली. ते हसले आणि एका डब्यातून रबर गुंडाळलेला छोटा चिमटा काढून माझ्या हातात दिला. "घ्या. मुखापासून चला."

पद्धत सोपी आहे. इंजिन चालू ठेवून एकेक नळी मॅनिफोल्डच्या अगदी जवळ चिमट्याने दाबायची आणि काट्याकडे बघायचं. काटा हलला नाही तर ती नळी आणि तिच्या पुढचं सगळं शाबूत. काटा वर चढला तर गळती त्या नळीच्या वाटेवर. मग चिमटा पुढे सरकवत जायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि दर वेळी आकडा लिहायचा. मी बाबांच्याच वहीच्या मागच्या पानावर लिहीत होते.

पहिली बूस्टरची जाड नळी. दाबली आणि काटा १३वरून १५वर गेला. एवढी मोठी उडी बघून मिस्त्रीही पुढे झुकले. नळी काढून उलटी वाकवली तर क्लिपच्या खाली, जिथे नजर जाणारच नाही तिथे, नखाएवढी चीर. आतला वन-वे व्हॉल्व्हही त्यांनी फुंकून बघितला. दोन्ही बाजूंनी हवा जात होती. या व्हॉल्व्हचं काम असं की इंजिन बंद पडलं तरी बूस्टरमधली ओढ टिकावी आणि ब्रेक दोन-तीन वेळा तरी हलका लागावा. दिवे घाटात मला ते दोन-तीन वेळा मिळाले नाहीत, कारण इंजिन थांबताच बूस्टरमधली ओढ गेली होती. चीर हातात धरून मी बराच वेळ उभी होते.

दुसरी एसीच्या आयडलच्या डबीची नळी. टोक दोन ठिकाणी फाटलेलं. दाबल्यावर काटा अर्धा इंच चढला. २०१६ सालच्या "एसी बंद ठेवणे" या ओळीचा अर्थ तिथे लागला.

तिसरी डेल्कोची. तिला चिमटा लावला, काटा जराही हलला नाही. मी पुढे निघाले, पण मिस्त्रींनी थांबवलं. या नळीचं तोंड थ्रॉटलच्या चकतीच्या वरच्या अंगाला उघडतं. आयडलला तिथे ओढच नसते, त्यामुळे गळती असली तरी गेज सांगणार नाही. त्यांनी नळी कार्ब्युरेटरकडून सोडवली, टोक पुसलं, तोंडात धरून ओढलं आणि जिभेने बंद केलं. नळी जिभेला चिकटून राहायला हवी. ती तीन सेकंदांत सुटली. मग नळी बाजूला करून डबीच्या तोंडावर नवा तुकडा लावला आणि पुन्हा ओढलं. या वेळी ती चिकटून राहिली, अगदी मिनिटभर. डेल्कोचं झाकण काढून मला आतली प्लेट सरकलेली दाखवली. म्हणजे डबी चांगली, नळीच फुटकी. रस्त्यावर थ्रॉटल उघडल्यावर टायमिंग पुढे जायला हवं ते जात नव्हतं, आणि ॲव्हरेज खाली येण्यात त्याचाही मोठा वाटा होता. कुठलं यंत्र कुठे बोलत नाही हे माहीत असणं म्हणजे काय, ते मला त्या जिभेच्या युक्तीत कळलं.

नळ्या संपल्या. तिन्ही तोंडं तात्पुरती बंद करून काटा साडेपंधरावर होता. अजून दोन इंच कुठेतरी जात होते. आता राहिले सांधे. काही लोक या वेळी सांध्यांवर पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर उडवून इंजिनाचा आवाज बदलतो का बघतात. मिस्त्री ते कधीच करत नाहीत. गरम सायलेन्सर आणि प्लगची ठिणगी जवळ असताना पेट्रोल उडवणं म्हणजे आगीला बोलावणं. त्यांनी इस्त्रीवाल्याची असते तशी पाणी फवारायची बाटली आणली, त्यात थोडा साबण. डेल्को प्लास्टिकने झाकला आणि कार्ब्युरेटरच्या बुडाशी बारीक फवारा मारला. दोन सेकंद इंजिन एकदम शांत झालं, मग पाणी आत ओढलं गेलं आणि पुन्हा थरथर. मी कानाला रबरी नळीचं एक टोक लावलं आणि दुसरं टोक सांध्याच्या कडेने फिरवलं. मागच्या कोपऱ्यात आवाज एकदम मोठा झाला, दात ओठांवर ठेवून कोणी श्वास आत ओढावा तसा. चौदा वर्षं ही गाडी हा आवाज करत होती आणि आम्ही बॉनेट उघडून फक्त तिचा स्लो वाढवत होतो.

इंजिन थंड झाल्यावर कार्ब्युरेटर उतरवला. त्याच्या खाली उष्णता अडवणारा काळा, जाड ठोकळा असतो. दोन बाजूंना दोन पॅकिंग. मिस्त्रींनी ठोकळ्यावर स्टीलची पट्टी आडवी धरून खिडकीकडे केली. पट्टीखालून उजेड दिसत होता. फिलर गेजची ०.१५ची पात मधून आरपार गेली. "हे गाडीने केलेलं नाही, माणसांनी केलंय," ते म्हणाले. दर वेळी गळती थांबेना म्हणून कोणीतरी नट आणखी आवळला, आणि जास्त आवळल्यामुळे ठोकळा कोपऱ्यांत दबून मधून उचलला गेला. जितका जोर लावला तितकी फट वाढली. नवा ठोकळा मिळणं कठीण होतं. त्यांनी जाड काच टेबलावर ठेवली, तिच्यावर पॉलिश पेपर अंथरला आणि ठोकळा माझ्याकडे दिला. आठचा आकडा काढत, हलक्या हाताने, दर वीस फेऱ्यांनी पट्टी लावून बघत मी तो घासला. पाऊण तास लागला. शेवटी पट्टीखालचा उजेड गेला.

कार्ब्युरेटर उतरलेलाच होता, तेव्हा मॅनिफोल्डही तपासून घ्यायचं ठरलं. त्याचा खालचा सांधा डोळ्यांना दिसत नाही, तिथे फवाराही पोचत नाही. इथे मी प्रयोगशाळेतली एक युक्ती सुचवली. पेट्रोलची नळी लांब नेऊन बंद केली. मॅनिफोल्डच्या तोंडावर रबर आणि पत्रा घट्ट बसवला. शेडच्या बाहेर एका डब्यात धूप पेटवून, फुग्याच्या पायपंपाने तो धूर लांब नळीतून बूस्टरच्या तोंडात हळूहळू सोडला. मी टॉर्च घेऊन खाली वाकले. काही वेळ काहीच नाही. मग चौथ्या सिलिंडरपाशी, सांध्याच्या खालच्या कडेने, धुराची एक बारीक रेघ सरळ वर आली. शेडमध्ये धुपाचा वास भरला. मिस्त्रींनी पंप चालवणाऱ्या त्यांच्या भाच्याला हाताने थांबवलं, पुन्हा चालू करायला लावलं. रेघ थांबली, पुन्हा आली. डोळ्यांना न दिसणारी हवा नेमकी कुठून जाते, हे मी पहिल्यांदा पाहत होते.

दुसऱ्या दिवशी नाना पेठेत जाऊन मॅनिफोल्डचं आणि कार्ब्युरेटरचं पॅकिंग, बूस्टरची व्हॉल्व्हसकट नळी आणि चार मिलिमीटरची तीन मीटर व्हॅक्यूमची नळी आणली. दुकानात स्वस्त नळ्याही होत्या, पण मिस्त्रींनी बजावलं होतं. बूस्टरला साधी पाण्याची नळी लावली तर ओढीने ती आतल्या आत चपटी होते आणि ब्रेक जातो. त्या जागी आत धाग्याचं विणकाम असलेली जाड नळीच हवी. सगळं सामान दोन हजारांच्या आत आलं. दोन वर्षांत नको ते भाग बदलण्यात मी त्याच्या कितीतरी पट पैसे घातले होते.

जोडणी मिस्त्रींनी केली, आणि ती बघण्यासारखी होती. आधी दोन्ही तोंडं अशी पुसली की कापडावर डाग उमटेना. मॅनिफोल्डचे नट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, आलटून पालटून, दोन फेऱ्यांत आवळले. कार्ब्युरेटरचे चार नट समोरासमोरच्या जोडीने, आखूड पान्याने, फक्त मनगटाच्या जोराने. लांब पाना त्यांनी मुद्दाम दूर ठेवला होता. इंजिन एकदा गरम करून थंड होऊ दिलं आणि नट पुन्हा एकदा तपासले.

त्यानंतरच त्यांनी स्क्रूला हात लावला. आधी चौदा वर्षांत वाढवलेला स्लो कमी केला, दीडेक फेरी. मग मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव फेरीने फिरवत, काटा जिथे सर्वांत वर चढतो तिथे ठेवला. काटा साडेसतरावर आला आणि तिथे थांबला. थरथर नाही. बॉनेटवर ठेवलेल्या पाण्याच्या ग्लासात वर्तुळं उठत होती, पण एकसारखी. एसी लावला, आरपीएम आधी किंचित पडले, मग डबीने ते उचलून धरले. इंजिन बंद करून दहा मिनिटांनी मी ब्रेक दाबला. पेडल मऊ होतं. दुसऱ्यांदाही मऊ होतं.

अर्धा इंच अजून बाकी होता. मिस्त्रींनी थ्रॉटलच्या दांडीला बोट लावून ती हलवून दाखवली. तिचं घर झिजलंय, तिथून थोडी हवा जाते. लेथवर नवा बुश बसवला तर तीही थांबेल, पण एवढ्यासाठी कार्ब्युरेटर फोडायचा नाही, असं त्यांचं मत पडलं. "ही गळती आपल्याला माहीत आहे, ताई. माहीत असलेली गळती धोका देत नाही. वर्षातून एकदा गेज लावा. सतराच्या खाली आला तर या."

पंधरा दिवसांनी पीयूसी पुन्हा करून घेतली. सीओ १.६, एचसी ३९०. दोन्ही चिठ्ठ्यांवर पासच लिहिलंय. मी त्या वहीत शेजारी शेजारी चिकटवल्या आहेत. वर्गात दाबाचा धडा आला की आता त्या घेऊन जाते आणि मुलांना विचारते, यातली आजारी गाडी कुठली? बहुतेक जण आधी चुकतात. मग आम्ही हवेचा हिशोब मांडतो.

कॉलेजला जाताना सिमला ऑफिसच्या चौकात मोठा सिग्नल लागतो. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलं आणि ती दगडी इमारत पुणेकरांसाठी कायमची सिमला ऑफिस झाली. ज्या आवारात इतकी वर्षं हवेचा दाब मोजला गेला, त्याच्या समोरच माझी गाडी चोरट्या हवेमुळे आठवड्यातून दोनदा तरी बंद पडायची. आता ती तिथे उभी असते तेव्हा मी रेडिओ बंद करून ऐकते. चार सिलिंडर, चारही हजर.

जूनमध्ये पालखी घाट चढून गेल्यावर, रस्ता मोकळा झाला तशी आईला घेऊन मी पुन्हा सासवडला गेले. येताना दिवे घाट उतरले. त्याच वळणाआधी क्लच दाबला, ब्रेकवर पाय ठेवला. इंजिन चालत राहिलं. आईचा हात या वेळी तिच्या मांडीवरच होता.

घरी आल्यावर बाबांच्या वहीत, त्यांच्या शेवटच्या नोंदीखाली, त्यांच्याच रकान्यांत लिहिलं: "ॲव्हरेज १४.८. गळती सहा ठिकाणी. बंद पाच. शिल्लक एक, थ्रॉटलची दांडी, लक्ष ठेवणे. स्लो कमी केला."